एकशेचाळीस वर्षांचा ताबा आणि खाणकऱ्याचा परवाना: परसाची मालकी कोणाची?

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता मेलबर्नला स्थायिक आहोत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगोला एक जुनं लाकडी घर ५,८०,००० डॉलरला ठरत आलंय. लिलाव नाही, थेट सौदा आहे. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या सरकारी दाखल्याच्या, नकाशात घर आणि पुढचं अंगण येतं. मागचा दहाएक मीटर रुंदीचा पट्टा येत नाही. तिथे शेड आहे, लिंबाचं झाड आहे आणि एका कोपऱ्यात जमीन खचल्यासारखी दिसते. विकणारे म्हणतात, १८८४ पासून हा पट्टा आमच्याच घराण्याकडे आहे. पणजोबांचं मायनर्स राइट (खाणकऱ्याचा परवाना), ‘रेसिडेन्स एरिया’ची नोंद आणि दुकानाचं बिझनेस लायसन्स असे कागद त्यांनी दाखवले. पट्ट्याचे ४०,००० डॉलर मात्र ते खरेदीच्या कराराबाहेर मागतात. सरकारी जमिनीवर तीस वर्षांच्या वहिवाटीनं हक्क लागतो ना? पुढच्या आठवड्यात सही आहे.

उत्तर : ते ४०,००० डॉलर देऊ नका. सही करायचीच असेल तर टायटलवर आहे तेवढ्याच जमिनीसाठी करा.

तीस वर्षांचा हिशेब भारतातला आहे. आपल्याकडे १९६३च्या मुदत कायद्यात खासगी जमिनीसाठी बारा वर्षं आणि सरकारी जमिनीसाठी तीस वर्षं आहेत. व्हिक्टोरियात १९५८चा लिमिटेशन ऑफ अ‍ॅक्शन्स अ‍ॅक्ट लागतो आणि त्याचं कलम ७ सांगतं, की क्राउनच्या, म्हणजे सरकारच्या, जमिनीवरचा हक्क कोणाच्याही कब्जानं कमी होत नाही. तीस वर्षं असोत की एकशेचाळीस. खासगी जमिनीसाठी मुदत पंधरा वर्षांची आहे. त्यामुळे तुमच्या प्रकरणात सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं : हा पट्टा क्राउनचा आहे की कुणा खासगी माणसाच्या नावावर?

आता त्या कागदांकडे वळू. ते खरे असतील, आणि तरीही ते खरेदीखत नाहीत. १८५४ साली व्हिक्टोरियातल्याच बॅलरॅटला खाणकऱ्यांनी उठाव केला, तो युरेकाचा उठाव. त्यानंतर १८५५च्या गोल्डफील्ड्स कायद्यानं मासिक लायसन्सची जाचक पद्धत मोडून वर्षाला एक पौंडाचं मायनर्स राइट आणलं. ते घेणाऱ्याला क्राउनच्या जमिनीवर सोनं खणता येई आणि राहण्यापुरती जागाही धरता येई; हाच ‘रेसिडेन्स एरिया’. तिथे झोपडी किंवा घर उभारता येई आणि जाताना ते उचलून नेताही येई. दुकानदारासाठी बिझनेस लायसन्स होतं, धंद्यापुरती जागा वापरण्याचं. दोन्हींचा पाया एकच : धारकाचा ताबा शेजाऱ्यापासून, घुसखोरापासून, दुसऱ्या खाणकऱ्यापासून राखलेला होता, पण राणीच्या सरकारविरुद्ध नव्हता. यामागे कारण होतं. सोन्याच्या शिरा वस्तीच्या खालूनच जात होत्या. जमीन कायमची विकली की खालचं सोनं अडकायचं. म्हणून सरकारनं माणसाला वर राहू दिलं आणि जमीन हातची सोडली नाही. महसुलाच्या भाषेत हा भोगवटा होता, मालकी नव्हती. त्यातही परवाना मुदतीचा असे. वेळेवर नवा केला नाही, तर धारकाचं संरक्षण जाई.

पुढे अशा नोंदवलेल्या जागा विकत घेऊन क्राउन ग्रँट, म्हणजे सरकारनं मालकी दिल्याची सनद, मिळवण्याची वाट खुली झाली आणि अनेकांनी ती धरली. तुमच्या घराची पुढची जमीन बहुधा अशीच फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, झाली असेल आणि मागचा पट्टा विकत घ्यायचा राहून गेला असेल. पण हा अंदाज आहे, आणि अंदाजावर चाळीस हजार देता येत नाहीत.

विकणाऱ्यांनी ‘मायनर्स राइट आजही मिळतं, काढून घ्या’ असं सुचवलं तर फसू नका. आज मिळणारं मायनर्स राइट दहा वर्षांचं असतं. त्यात हाताच्या अवजारांनी आणि मेटल डिटेक्टरनं सोनं शोधता येतं. राहण्याचा किंवा शेड ठेवण्याचा काडीचाही हक्क मिळत नाही.

पट्टा कोणाचा, हे सहीच्या आधी काढता येतं. लँडाटा या जमिनीच्या नोंदींच्या ऑनलाइन सेवेवरून टायटलचा उतारा आणि प्लॅन घ्या, आणि मागच्या बाजूला लागून असलेल्या जमिनीचाही घ्या. मग जुना पॅरिश प्लॅन, म्हणजे त्या भागाचा (पॅरिशचा) मोजणी नकाशा, पाहा. राज्याच्या अभिलेखागारानं हे नकाशे डिजिटल केले आहेत. प्रत्येक क्राउन अलॉटमेंटवर, म्हणजे सरकारनं आखलेल्या भूखंडावर, ग्रँट कोणाला आणि कधी मिळाली हे लिहिलेलं असतं. बेंडिगोचं अधिकृत नाव १८९१ पर्यंत सँडहर्स्ट होतं, तेव्हा शोध सँडहर्स्ट पॅरिशमध्ये करा, नाहीतर नकाशा सापडणार नाही. पट्ट्यावर नाव आणि तारीख नसेल तर ती जमीन क्राउनकडेच राहिली असं धरून चाला आणि राज्याच्या ऊर्जा, पर्यावरण व हवामान कृती विभागाला (डीका) लेखी विचारा. फोनवरच्या उत्तराचा काही उपयोग नाही. त्याच वेळी परवानाधारक सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्या. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. ४०.३० मीटरपर्यंतच्या हद्दीत ५० मिलिमीटरचा फरक कायदा माफ करतो; दहा मीटरचा फरक त्यात बसत नाही.

जमीन क्राउनची निघाली तर शेड अतिक्रमण ठरते आणि ती हटवायची नोटीस तुमच्या नावावर येते, पणजोबांच्या नव्हे. तुम्ही डीकाकडे परवाना मागू शकता, किंवा सरकारला ती जमीन नको असल्यास विकत मागू शकता. किंमत सरकारी मूल्यांकनानुसार ठरते, विकणाऱ्यांच्या आकड्यानं नाही. बेंडिगो परिसर जा जा वुरुंग या मूलनिवासींचा आहे. २०१३ सालच्या करारानुसार क्राउनची जमीन विकण्यापूर्वी त्यांच्याशी ठरलेली प्रक्रिया पार पाडावी लागते. ती रास्त आहे, पण वेळ घेते. सेटलमेंटच्या, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात घेण्याच्या, आत हे होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पट्टा खासगी निघाला, समजा बुडालेल्या खाण कंपनीच्या नावावर, तर मात्र ते जुने कागद कामाला येतात. पंधरा वर्षांचा सलग, उघड, मालकाच्या परवानगीशिवायचा ताबा सिद्ध करून ट्रान्सफर ऑफ लँड अ‍ॅक्टच्या कलम ६० खाली जमीन नावावर मागता येते. विकणाऱ्यांची वर्षं तुमच्या वर्षांना जोडता येतात, मात्र त्यांनी ताब्याचा हक्क लेखी दस्तानं तुम्हाला दिलेला असला पाहिजे. म्हणून त्यांचं शपथपूर्वक निवेदन (कुंपण कधी घातलं, शेड कधी बांधली, कौन्सिलचा कर कोणी भरला) आणि सौद्यात स्वार्थ नसलेल्या एखाद्या जुन्या शेजाऱ्याचंही निवेदन सेटलमेंटच्या आधीच घ्या. पैसे हातात पडल्यावर विकणारे लोक फोन उचलत नाहीत.

कराराबाहेरच्या पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. घरासाठी दिलेला प्रत्येक डॉलर करारात दिसला पाहिजे, कारण मुद्रांक शुल्क त्यावरच लागतं. बाहेर दिलेले चाळीस हजार उघड झाले तर राज्याचं महसूल कार्यालय दंडासह वसूल करील. बँक त्या पट्ट्यावर कर्ज देणार नाही. आणि पट्टा हातचा गेला तर पैसे परत मागायला तुमच्याकडे कागद नसेल. विकणाऱ्यांना त्या जागेची किंमत हवीच असेल, तर करारात खास अट घाला : पट्ट्याची मालकी तुमच्या नावावर नोंदली गेली तरच, आणि तेव्हाच, अमुक रक्कम देय होईल.

सही करण्यापूर्वी सेक्शन ३२चं विक्रेत्याचं निवेदन कन्व्हेयन्सरकडून (खरेदी-विक्रीचे कागद पाहणाऱ्या व्यावसायिकाकडून) वाचून घ्या आणि मागच्या पट्ट्याचा उल्लेख त्यात कसा आहे ते पाहा. थेट सौद्यात सहीनंतर कामाचे तीन पूर्ण दिवस करार मोडता येतो. त्यासाठी किमतीच्या ०.२ टक्के कापले जातात, तुमच्या बाबतीत १,१६० डॉलर. जाहीर लिलावाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत सही केली, तर ही सवड मिळत नाही.

राहिला तो खचलेला कोपरा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. बेंडिगोत घरांच्या आवारात जुन्या खाणींची तोंडं असतात. कित्येक लाकडी फळ्या आणि माती टाकून बुजवलेली, आणि फळ्या कुजतात. राज्याच्या जिओविक नकाशावर ज्ञात खाणी पाहा, पण तिथे नोंद नाही म्हणजे खाण नाही असं समजू नका. भूतंत्रज्ञाकडून कोपरा तपासून घ्या, आणि तोवर मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. मातीही तपासा. सोन्याच्या दगडात आर्सेनिक असतं आणि क्वार्ट्झ, म्हणजे तो गारेचा दगड, दळून उरलेली वाळू इथे भरावाला वापरली गेली आहे. नाटा या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत त्या मातीत मेथी-कोथिंबीर लावू नका. टायटलवर ‘१५.२४ मीटर खोलीपर्यंत’ अशी मर्यादा दिसली तर घाबरू नका. ते जुने पन्नास फूट आहेत. त्याखालची जमीन क्राउनची असते, आणि सोनं तर कुठल्याही खोलीवर क्राउनचंच.