लेक विचारणार तो प्रश्न

‘वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात 26 वर्षं काढली. दर दोन वर्षांनी बदल करायला सल्लागार यायचे, शेवटी हातात व्हीआरएस आली. आता मुलगी मानसशास्त्रात एमए करतेय आणि म्हणते, कंपन्यांतल्या बदलाचंच काम करणार, तेही लोकांच्या ताकदीवरून. हे गोड बोलण्याचं दुकान नाही ना?’ – एक वडील, ठाणे

नमस्कार,

तुमच्याच पत्रात पुढे एक ओळ आहे: ‘काय चुकतं ते विचारायला सगळे आले, आमचं खातं इतकी वर्षं कशामुळे चाललं ते कुणी विचारलं नाही.’ तुमची लेक हाच प्रश्न विचारायला शिकू पाहतेय.

1980 च्या सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास करताना संशोधक विद्यार्थी डेव्हिड कूपररायडर आणि त्यांचे मार्गदर्शक सुरेश श्रीवास्तव याच वाटेला लागले. त्यातून ‘ॲप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी’, म्हणजे काय चांगलं चालतं ते विचारून बदल करायची पद्धत, उभी राहिली. तिचे टप्पे चार: डिस्कव्हरी (चांगलं काय ते शोधणं), ड्रीम (पुढचं स्वप्न बघणं), डिझाइन (त्याची आखणी), डेस्टिनी (ते प्रत्यक्षात आणणं). खरा जीव पहिल्यात आहे. माणसं जोडीनं बसतात आणि काम सगळ्यात छान झालं तो प्रसंग एकमेकांना तपशिलात सांगतात. रिजेक्शन (नापास झालेला माल) सगळ्यात कमी आलं त्या पाळीत नेमकं काय झालं होतं? आधी विचारपूस आणि मग बदल, असं इथे मानत नाहीत. प्रश्न विचारला तिथेच बदल सुरू होतो, कारण माणसं त्या दिशेनं बघायला लागतात.

याच्याच जवळचा, मला फार आवडणारा प्रसंग व्हिएतनामचा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं तिथे मुलांच्या कुपोषणावर काम करत होतं. तितक्याच गरीब घरांतली काही मुलं मात्र धडधाकट होती. त्यांच्या आया भातखाचरातली छोटी कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत, दिवसातून जास्त वेळा भरवत. बाकीच्या आया त्यांच्याकडूनच शिकल्या.

तुमची शंका मात्र मी बाजूला सारणार नाही. पगार थकलाय, मशीनला सुरक्षेचं गार्ड नाही, अशा ठिकाणी ‘तुमचं स्वप्न सांगा’ म्हणणं हा कामगाराचा अपमान आहे. तिथे आधी हक्काचं ते द्यायचं. हे जिला कळत नाही तिनं या वाटेला जाऊ नये. तुमच्या घरात वाढलेल्या मुलीला ते कळेल, असं मला वाटतं.

नोकरीचं सांगायचं तर नवख्यांना थेट हे काम सहसा मिळत नाही. महापे-तुर्भे पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात तिनं आधी दोन-तीन वर्षं एचआरमध्ये काढावीत, पाळ्या बघाव्यात, कामगार कायदा शिकावा. देवनारच्या टिसमधले (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) अभ्यासक्रमही बघून ठेवावेत.

आणि एका रविवारी तिला तुमचीच मुलाखत घेऊ द्या. तुमच्या खात्याचा सगळ्यात चांगला महिना कुठला, तेव्हा फोरमन कोण, अडलेलं काम कुणी सोडवलं, कसं? ‘सगळे एकजुटीनं काम करायचे’ एवढंच तिनं लिहिलं, तर वही परत द्या आणि पुन्हा विचारायला सांगा.