ब्रिज या पत्त्यांच्या खेळात गुण नीट मोजूनही बोलीचे निर्णय चुकतात. पुढे जायचं की थांबायचं, हे कसं ठरवावं?

तुम्ही दोन प्रसंग दिलेत. पहिल्यात भिडूने एक इस्पिक (म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहाच्या वर एक, असे सात हात करण्याची बोली) उघडलं, तुम्ही दोन इस्पिक केलंत, तो तीन इस्पिक म्हणाला. तुमच्याकडे ८ गुण होते म्हणून चारला, म्हणजे मोठं बक्षीस देणाऱ्या 'गेम'च्या बोलीला गेलात, एक हात कमी पडला आणि भिडू नाराज झाला. दुसऱ्यात तुमचं दोन इस्पिकवर चालू असताना समोरचे तीन बदाम म्हणतात आणि तुम्ही अडकता. दोन्हींच्या शेवटी तुमचा प्रश्न एकच: किती गुण लागतात? मला वाटतं, घोटाळा या प्रश्नातच आहे. पहिली एक-दोन वळणं झाली की गुणांचं काम बरंचसं संपतं. त्यानंतर विचारायचं ते हे: बरोबर आलो तर किती मिळतं, चुकलो तर किती जातं, आणि हा निर्णय माझा आहे की भिडूचा?

आधी तुमचे ८ गुण. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ हे माप सोपं आहे आणि नो ट्रम्पमध्ये, म्हणजे हुकूम नसलेल्या डावात, बऱ्यापैकी खरंही ठरतं. हुकुमाच्या डावात मात्र ते फसवतं. समजा तुमची पानं अशी होती: इस्पिक गुलाम-७-५, बदाम राणी-गुलाम-४, चौकट राणी-६-३, किलवर राणी-९-७-२. मोजले तर ८. आता ही बघा: इस्पिक राजा-८-६, बदाम ७-४, चौकट एक्का-९-५-३-२, किलवर १०-७-४. मोजले तर ७. भिडूच्या तीन इस्पिकवर मी ७ गुणांच्या पानांवर न अडखळता चार म्हणेन आणि ८ गुणांच्या पानांवर पास करेन. राण्या-गुलामांना हात मिळवायला वेळ लागतो, आणि तोवर समोरचे आपले एक्के-राजे वाजवून मोकळे होतात. शिवाय तीन-तीन-तीन-चार अशा सपाट वाटणीत डमीकडून (टेबलावर उघड्या मांडलेल्या भिडूच्या पानांतून) कापायला काही उरत नाही. दुसऱ्या पानांत हुकुमाचा राजा आहे, बाहेर एक्का आहे, बदामाचा तिसरा फेरा कापता येतो, आणि भिडूकडे थोडी साथ असली तर चौकटीचं पाचवं पानही उभं राहू शकतं.

बोली पुढे सरकते तशी पानांची किंमतही बदलते. बदामाचा राजा आणि एक लहान पान तुमच्याकडे आहे, आणि उजवीकडच्याने बदाम बोलला. एक्का बहुतेक त्याच्याकडे, आणि त्याच्यानंतर खेळणारे तुम्ही, म्हणजे राजा पुरा ३ गुणांचा. तोच बदाम डावीकडच्याने बोलला तर राजा जवळजवळ रिकामा समजा. पानं तीच, गुणही तेवढेच, पण निर्णय उलटा.

आता किंमत. इथे जरा थांबून आकडे बघा, कारण बहुतेक लोक हे कधी मांडूनच बघत नाहीत. टीमच्या खेळात तोच डाव दोन टेबलांवर खेळला जातो आणि फरक आयएमपीत, म्हणजे त्या फरकावरून तक्त्यातून मिळणाऱ्या लहान अंकांत मोजतात. तुम्ही व्हल्नरेबल (त्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेली बाजू) असताना चार इस्पिक बोलून केलेत तर ६२०. दुसऱ्या टेबलावर तुमचीच पानं धरलेले तीनवर थांबले आणि दहा हात झाले, तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० आयएमपी. चार बोलून एक हात कमी पडला तर उणे १००, तिकडे अधिक १४०. फरक २४०, म्हणजे ६ आयएमपी. १० मिळवण्यासाठी ६ पणाला लागतात, म्हणजे साधारण ३७ ते ३८ टक्के शक्यता असली तरी बोली परवडते. व्हल्नरेबल नसाल तर हिशोब ६ विरुद्ध ५ होतो आणि सीमा ४५ टक्क्यांवर जाते. यात डबल (समोरच्यांनी 'हे होणार नाही' म्हणून दंड वाढवणं) पडणार नाही आणि डाव एकाच हाताने बुडेल हे गृहीत आहे. प्रत्यक्षात कधी दोन-तीन हातही जातात, म्हणून मी स्वतः व्हल्नरेबल असताना ४० धरून चालतो.

याचा सरळ अर्थ असा की व्हल्नरेबल गेम योग्य कारणाने बोललात, तरी दहापैकी सहा वेळा बुडू शकता. भिडूच्या नाराजीवर माझं उत्तर हेच आहे. निकाल बघून बोलीला नाव ठेवणं ही क्लबातली सर्वांत जुनी आणि सर्वांत निरुपयोगी सवय. ती ऑनलाइन टेबलावरही आली आहे.

पण तुम्ही मॅचपॉइंटवर, म्हणजे जोड्यांच्या स्पर्धेत खेळत असाल तर वरचं सगळं विसरा. तिथे किती फरकाने हरवलं याला अर्थ नाही, किती जोड्यांना हरवलं एवढंच मोजतात. गेमसाठी निम्मी शक्यता हवी. टेबलावर बसण्यापूर्वी कोणती मोजणी आहे ते बघा. अनेकजण ते डाव संपल्यावर बघतात.

स्लॅमचं, म्हणजे सहा किंवा सातच्या बोलीचं (बारा किंवा तेरा हात) गणित थोडक्यात सांगतो. सहा बोलण्यातला लाभ आणि तोटा साधारण सारखा येतो. व्हल्नरेबल असताना दोन्ही बाजूंना १३ आयएमपी, म्हणजे एका फिनेसवर (समोरचं मोठं पान हव्या त्या बाजूला असेल तरच साधणारी खेळी) अवलंबून असलेला सहा बोलायला हरकत नाही. सातला मात्र घाई नको. हिशोबात ५६-५७ टक्के पुरतात, पण दुसऱ्या टेबलावरचे सहालाही पोचले नसतील तर तुमचा सहाच त्यांना भारी पडणार होता, तो सातच्या हव्यासाने घालवायचा कशाला?

दुसरा प्रसंग, समोरच्यांचे तीन बदाम. इथे गुण सोडा आणि हुकुमाची पानं मोजा. जाँ-रने व्हेर्न या फ्रेंच माणसाने १९६०च्या दशकात एक निरीक्षण मांडलं: दोन्ही बाजूंची आपापल्या सर्वोत्तम रंगातली पानं मिळवली, तर दोन्ही बाजूंना मिळून साधारण तितकेच हात होतात. आपल्याकडे ९ इस्पिक, त्यांच्याकडे ९ बदाम, एकूण १८. त्यांचे तीन बदाम होत असतील तर आपले तीन इस्पिकही होतात. त्यांना १० हात मिळणार असतील तर आपण एकाने बुडू, पण १७० द्यायच्या ऐवजी ५० किंवा १०० देऊन सुटतो. त्यांना ८ मिळणार असतील तर आपल्याला १० मिळतात. तिन्ही शक्यतांत तीन इस्पिक बोलणं बरं. हेच दोघांकडे आठ-आठ पानं असताना करून बघा, एकूण १६. त्यांचे तीन बदाम एकाने बुडणार होते, आणि आपले तीन इस्पिकही एकाने बुडतात. म्हणजे आयते मिळणारे गुण आपण त्यांना देऊन बसलो. व्हल्नरेबल असून दोन हात गेले की उणे २००, आणि जोड्यांच्या स्पर्धेत हा आकडा बहुधा तळाला नेतो, कारण त्यांना गेमपेक्षा खालच्या बोलीतून तेवढे क्वचितच मिळाले असते.

म्हणून ढोबळ नियम: आठ हुकूम असतील तर दोनपर्यंत, नऊ असतील तर तीनपर्यंत. पाच पानांवर इस्पिक उघडणारा सहावं पान असेल तर तीनला जातो, आणि साथ देणारा चौथं पान असेल तर. दोघांकडेही जादा पान नसेल तर पास. हा नियम काटेकोर नाही, एखाद-दुसऱ्या हाताने चुकतो. त्यांच्या रंगात तुमची राणी-गुलाम असतील तर तो बहुधा खालच्या बाजूला चुकतो, कारण ती पानं त्यांचा हात अडवतात, तुमच्या डावात मात्र काहीच करत नाहीत. अशा वेळी बचाव करा.

याच कारणाने काही जोड्या एक इस्पिक, दोन इस्पिक, तीन इस्पिक यातल्या शेवटच्या बोलीला आमंत्रण मानत नाहीत. समोरच्यांची वाट अडवण्यासाठी ती वापरतात. आमंत्रण द्यायचं तर नवा रंग बोलून त्या रंगात मदत मागतात. तुमच्या भिडूचं 'तीन' यातलं कोणतं होतं, हे प्रश्नात कुठेच नाही. ते ठरलेलं नसेल तर बाकी चर्चा व्यर्थ आहे.

निर्णय कोणाचा, हा तिसरा भाग. ज्याने आपली पानं नेमकी सांगून टाकली, त्याचं काम संपलं. १५ ते १७ गुणांवर एक नो ट्रम्प उघडलंत की पुढची मर्यादा भिडू ठरवतो, कारण दोघांकडे काय आहे ते त्यालाच माहीत आहे. तीन बदाम असं समोरच्यांची वाट अडवायला उघडून, समोरच्यांनी तीन इस्पिक म्हटल्यावर स्वतःच चार बदाम म्हणणं हा रोग सगळीकडे दिसतो. तुमची बदामाची सात पानं भिडूला कळली आहेत. त्याला पुढे जायचं असेल तर तो जाईल. त्याने पास केलं असेल, तर कदाचित तो त्यांना डबल देण्याच्या तयारीत बसला असेल.

यात एक बंधन नियमाचं आहे. भिडू खूप वेळ विचार करून पास करतो, तेव्हा त्याच्याकडे काहीतरी आहे हे कळतं, पण त्या कळण्यावरून बोली लावता येत नाही. त्याच्या बोलीतून जे समजलं तेवढंच वापरायचं.

सरावासाठी एक करून बघा. ऑनलाइन डावांची नोंद राहतेच. भिडूबरोबर बसा आणि फक्त तुमची दोघांची पानं उघडी ठेवून बोली पुन्हा लावा. मग समोरची २६ पानं झाकलेलीच ठेवून कागदावर मांडा की कोणत्या वाटणीत डाव होतो आणि कोणत्या वाटणीत बुडतो. समोरच्यांकडे हुकुमाची पाच पानं असतील तर ती ३-२ अशी सुमारे ६८ टक्के वेळा वाटली जातात, आणि फिनेस साधारण निम्म्या वेळा लागतो. एवढ्या दोन आकड्यांवरही बऱ्याच डावांत गेम परवडत होता की नाही ते ठरवता येतं.