हाताला काम, जिवाला थारा

नेहमी या पानासाठी काजं, झालरी आणि ब्लाऊजचे गळे यांच्या चौकशा येतात. या खेपेच्या पत्रांत कापड जवळजवळ नाहीच. हे पान मे २०२० चं : कोरोनाच्या टाळेबंदीनं २५ मार्चला दारं लागली, मुदत दोनदा वाढली, आता १७ मे म्हणतात. दिवस कसा काढायचा, हेच जो तो विचारतो आहे. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत ३१ वर्षं शिवण शिकवलं. मला जे येतं आणि मी जे करून पाहिलंय, त्यातूनच उत्तरं देते.

प्रश्न : बाई, मी ५९ वर्षांची आहे, जुळे सोलापुरात एकटी राहते. मुलगा-सून पुण्याला अडकलेत. सकाळ कामात जाते, पण दुपारचे चार वाजले की जीव घाबरा होतो. पुस्तक घेतलं तर तेच पान तीनदा वाचते. रामायण लागायचं तोवर बरं होतं, तेही संपलं. बातम्या बघायच्या नाहीत असं ठरवते, पण हात रिमोटकडे जातोच. काहीतरी करायला सांगा.

उत्तर : ताई, हात रिमोटकडे जातो हे तुम्हीच लिहिलंत, तेव्हा आधी हाताची सोय लावू. पुस्तक वाचायचं तर मन आधी जागेवर असावं लागतं. सुईचं तसं नाही. तांदळाएवढा टाका घालायचा म्हटलं की नजर तिथंच ठेवावी लागते, नाहीतर बोटाला टोचते. मन कुठं भटकायला गेलं तरी दर टाक्याला त्याला परत यावं लागतं.

गोधडी शिवा. विणकाम सुचवत नाही, कारण सोलापूरच्या मे महिन्यात हातात लोकर धरवत नाही. टाके मोजून करायची भरतकामाची नक्षीही सध्या नको. एक घर चुकलं की उसवावं लागतं, आणि आत्ता उसवायला लागणारं काम जिवाला बरं नाही. गोधडीत ओळ वाकडी गेली तर वाकडीच राहू द्यायची, ऊब तेवढीच येते.

मी हे शिकले ते आईकडून, ७२ च्या दुष्काळात. आमचं गाव मोहोळच्या बाजूला. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. संध्याकाळी कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, घेऊन घरी यायची, तेव्हा तिच्या हाताला भेगा असायच्या. तरी जेवणं झाली की कंदिलाशी बसून वाकळेच्या दोन ओळी घालायची. दोनच. मी एकदा म्हटलं, आज दमलीस, राहू दे. ती म्हणाली, "दिवसभर फोडलं गं, आता जरा जोडू दे." पाऊस येईल की नाही, काम उद्या असेल की नाही, हे तिच्या हातात नव्हतं. दोन ओळी होत्या. त्या रात्री घातल्या की सकाळी तिथंच असायच्या, त्या कुणी नेत नव्हतं. तुम्हाला चार वाजता जे होतं त्यावर माझ्याकडे दुसरं औषध नाही.

आता कृती. पहिलीच गोधडी पलंगाएवढी घेऊ नका. दीड हात लांब, सव्वा हात रुंद, बाळाच्या दुपट्याएवढी पुरे. जुन्या सुती साड्या घ्या, धुवून धुवून मऊ पडलेल्या. खळ असेल तर आधी काढा, सुई अडते. आत तीन थर, वरून-खालून एकेक चांगला तुकडा. शहाबादी फरशीवर अंथरा, चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवून ताणून घ्या. मी एका कोपऱ्यावर वरवंटा ठेवते, एकावर इस्त्री. मग मधून कडेकडे जाणारी कच्ची शिलाई मारा, म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. हा टप्पा गाळलात तर पुढं कापड गोळा होतं आणि मग काही केल्या सपाट होत नाही. कच्ची शिलाई झाली की कडेपासून सुरुवात करून आत आत यायचं. साधा धावदोरा, दोन ओळींत एक बोट अंतर.

दुकानं बंद आहेत, दोरा कुठून आणू असं म्हणाल. शेजारी विचारा. ज्या घरात सुताची एकही कांडी सापडणार नाही असं घर सोलापुरात शोधावं लागेल. दुहेरी दोरा घ्या आणि तो मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, गुंता होत नाही. अंगुस्तान नसेल तर मधल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळा.

मी बाळीवेशीजवळ राहते. आमच्या समोरच्या कन्नड घरात गोधडीला कौदी म्हणतात. त्या घरातल्या आजी चार कोपऱ्यांना रंगीत कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, ती मला फार आवडतात. परवा त्यांनी दोरीला पिशवी बांधून गॅलरीतून लाल खणाचे चार तुकडे खाली सोडले. मी सध्या जी शिवते आहे तिच्यात मधला थर आमच्या ह्यांच्या धोतराचा आहे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. धोतराच्या एका टोकाला शाईचा डाग आहे, हिशेब लिहिताना पडलेला. तो आत झाकला जाणार होता. मी कापड फिरवून घेतलं आणि तो वर आणला. रोज त्याच्या दिशेनं एकेक ओळ सरकते आहे, अजून चार बोटं उरलंय.

चार वाजायच्या आत, पावणेचारलाच बसा. दोन ओळी झाल्या की उठा, जास्त करायचा मोह झाला तरी. उद्याला शिल्लक ठेवा.

प्रश्न : बाई, मी विजापूर रोडला राहणारा २१ वर्षांचा विद्यार्थी. गिटार, स्केचिंग, व्यायाम, सगळं सुरू केलं आणि सोडलं. तीन आठवडे पहाटे चारपर्यंत डोळा लागत नाही, जेवण जात नाही, कशातच अर्थ वाटत नाही. कोणता छंद लावून घेऊ?

उत्तर : बाळा, तुला छंद सांगणार नाही. तीन आठवडे झोप नाही आणि अन्न जात नाही, हे दुखणं आहे, आळस नव्हे. आज, हे पान वाचून झाल्यावर, आईला किंवा वडिलांना जवळ बसवून जसं मला लिहिलंस तसंच्या तसं सांग. मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन कर. मनाच्या डॉक्टरांकडे जायला ते म्हणाले तर जा. टाळेबंदीतही औषधपाण्यासाठी बाहेर पडायला बंदी नाही. गिटार सुटली म्हणून स्वतःला बोल लावू नकोस, ती कुठं जात नाही. आणि मला पुन्हा लिही, मी वाट पाहते आहे.

प्रश्न : बाई, मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आमचे मालक यंत्रमागावर, मी विड्या वळते. दोन्ही बंद. छंद जोपासा असं कुठं वाचलं की डोकं उठतं. पण दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं, तीन पोरं आणि मोबाईल एक. दिवसभर मारामाऱ्या. पैसे न लागणारं काही असेल तर सांगा.

उत्तर : ताई, तुमचा राग खरा आहे. ज्याच्या घरी डबे भरलेले आहेत त्यानं ज्याचे रिकामे आहेत त्याला छंद शिकवू नये. म्हणून आधी पोटाचं. या २०२० च्या एप्रिल ते जून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट आहे, कुटुंबाला एक किलो डाळ, आणि हे नेहमीच्या धान्याच्या वर. तुमच्या कार्डावर ते चढलंय का, हे दुकानात तोंडानं विचारा, गप्प परत येऊ नका. सरकारी शिवभोजन थाळीही २०२० च्या या टाळेबंदीपुरती पाच रुपयांना केलेली आहे. घ्यायला संकोच करू नका. आमच्या आईनं दुष्काळात सुकडी घेतली, तिची मान कधी खाली गेली नाही.

आता पोरं. तुमच्याच घरातला खेळ आहे, सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की येत असेल. तेलुगू घरांत अष्टाचम्मा, कन्नडमध्ये चौकाबारा, आम्ही मराठीत चल्लस-आठ म्हणतो. तिन्ही भाषांची माणसं एका पटावर बसून खेळलेली मी पाहिली आहेत, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

फरशीवर खडूनं, नसेल तर कोळशानं, पाच गुणिले पाच अशी २५ घरं आखा. चारी कडांच्या मधल्या घरात फुली मारा, आणि अगदी मधल्या घरात एक. चार जण चार बाजूंना, प्रत्येकाचं घर म्हणजे त्याच्या समोरची फुली. सोंगट्या चार चार : एकाला बांगडीचे तुकडे, एकाला खडे, एकाला चिंचोके, एकाला काड्या. बांगडीच्या तुकड्यांच्या कडा आधी घासून बोथट करा, पोरांच्या हाताला लागतात.

फासे बनवण्यातच एक दुपार जाईल, आणि तीच मला सगळ्यात मोलाची वाटते. चार मोठे चिंचोके घ्यायचे, थोडं पाणी टाकून खडबडीत दगडावर एकच बाजू घासायची. तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत घासायचं, दुसरी बाजू तशीच ठेवायची. एकेका पोराला एकेक चिंचोका द्या. जो मोबाईलसाठी भांडतो त्याला सगळ्यात टणक द्या. अर्ध्या तासानं पांढरा ठिपका दिसायला लागतो, तेव्हा पोराचं तोंड बघा.

चारही चिंचोके उडवायचे. पांढऱ्या बाजू जितक्या वर, तितकी घरं चालायचं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, एकही नाही पडली तर आठ; चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. बाहेरच्या १६ घरांतून डावीकडून उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट जायचं, मग आतल्या आठ घरांत वळून घड्याळाच्या दिशेनं, आणि शेवटी मधल्या फुलीत. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली आली की ती मेली, तिनं घरी जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. फुलीत बसलेल्याला कुणी मारत नाही. आणि एकदा तरी कुणाला मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. हा नियम पोरं विसरल्याचं सोंग करतील, तेव्हा तुम्ही तो लक्षात ठेवा.

मालकांनाही बसवा. माग थांबल्यापासून पूर्व भागात खडखडाट नाही, आणि जन्मभर त्या आवाजात राहिलेल्या माणसाला ही शांतता खायला उठते. माझे सासरे मागावर होते. गिरणी सुटल्यावर ते तासन्‌तास उंबऱ्यात बसायचे. कवड्यांचा पट मांडला की मात्र आपणहून सरकून आत यायचे. बोलायचे नाहीत, पण कुणी घर चुकवलं तर बोट ठेवून दाखवायचे.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, वय ६७. रोज पहाटे कंबर तलावावर फिरायला जायचो. आता गच्चीवर फेऱ्या मारतो, पण भिंती बघून वीट आला. शिवणकाम वगैरे आपल्याला जमणार नाही.

उत्तर : दादा, जमलं असतं, पण आग्रह करत नाही. तुम्ही तलावावर जायचात, तर पाखरं ओळखीची असतील. ती इकडेही आहेत, इतके दिवस रिक्षांच्या आवाजात ऐकू येत नव्हती एवढंच. तुम्ही जन्मभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलंत, स्टेजवार नोंद ठेवायचा हात आहे. तीच सवय वापरा. वहीत तीन रकाने पाडा : वेळ, पक्षी, काय करत होता. सकाळी साडेपाच ते साडेसहा गच्चीच्या एकाच कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा, फेऱ्या नंतर मारा.

मी महिनाभर हे करते आहे. उजाडायच्या आधी कोकीळ. ऊन चढायला लागलं की तांबटाचं टुक टुक टुक, भांडी ठोकल्यासारखं, एका लयीत. तो दिसायला मला नऊ दिवस लागले. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा थोराड, कपाळावर कुंकवाचा टिळा. निवडुंगाच्या कुंडीतल्या काडीवर बुलबुल येतो. वेडा राघू तारेवरून सुटतो, हवेतच माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. नाव कळलं नाही तर लिहू नका, रंग आणि शेपटीची लांबी लिहा. नाव पुढं कळतं.

पाणी मात्र ठेवाच. आपल्याकडे नळ चार-चार दिवसांआड, तरी पाखराला वाटीभर निघतं. मी डाळ-तांदळाचं धुवण झाडांना घालते आणि चांगलं पाणी त्यांना ठेवते. मातीचं पसरट परळ घ्या, कठड्याच्या सावलीच्या बाजूला ठेवा. पाणी दोन बोटंच असावं आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे चिमणीला उतरायला जागा होते. रोज सकाळी परळ घासून धुवा, नाहीतर दोन दिवसांत शेवाळ धरतं.