रेसच्या घोड्यांवर सकाळचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

तू लिहिलंस की तू परभणी जिल्ह्यातला आहेस, वय 19, वजन 54 किलो, घरी लग्नाला लावायची घोडी आहे आणि तिच्यावर लहानपणापासून बिनखोगीर बसतोस. रेसच्या तबेल्यात सकाळी घोडे पळवायचं काम मिळेल का, आणि त्यासाठी काय करावं, हा तुझा प्रश्न.

काम मिळेल. मी लोहा तालुक्यातला. माझे वडीलही लग्नाची घोडी ठेवायचे आणि दरवर्षी माळेगावच्या यात्रेत खंडोबाचं दर्शन झालं की घोड्यांच्या बाजारात तळ ठोकायचे. मी विसाव्या वर्षी पुण्याला गेलो आणि चौदा वर्षं राइडिंग बॉय म्हणून काम केलं. राइडिंग बॉय म्हणजे सकाळी घोड्यांना व्यायाम देणारा. शर्यतीच्या दिवशी बसतो तो जॉकी. तुझं वजन दोन्हींना चालण्यासारखं आहे, पण आधी पहिलं जमू दे.

एक गोष्ट नीट समजून घे, कारण याच जागी आपल्याकडची पोरं अडकतात. गावाकडं घोडी थांबवायची म्हणजे लगाम ओढायची, हे आपल्या हातात बसलेलं असतं. वरातीतल्या कित्येक घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम असते. तिच्यावर 1965 पासून नियमाने बंदी आहे, तरी ती वापरतात. काटा टोचतो म्हणून जनावर थांबतं. रेसच्या घोड्याच्या तोंडात मधे सांधा असलेली साधी गुळगुळीत कडी असते, आणि त्याला लगामेवर भार घेऊन पळायला शिकवलेलं असतं. तू जितकं ओढशील तितका तो मान पुढं ताणून त्या ओढीवर टेकतो आणि वेग वाढवतो. त्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. तुझ्या दंडातली ताकद तिथं दोन मिनिटंही पुरत नाही.

मला हे समजलं एका कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाच्या घोडीवर. सहाशे मीटर हळू कँटर करून आण, एवढंच काम होतं. कँटर म्हणजे दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल. दोनशे मीटर गेलो नाही तोच ती हातातून सुटल्यासारखी वाटली. मी ओढलं, ती आणखी पेटली. बाजूने एक वयस्कर रायडर दुसऱ्या घोड्यावर येत होते. ते ओरडले, "हात खाली घे! मानेवर टेकव आणि सोड!" लगामेचे दोन्ही पदर एकावर एक घेऊन मुठी तिच्या मानेवर, आयाळीच्या बुडाशी टेकवल्या. आता ती ओढत होती, पण माझ्याशी नाही, स्वतःच्याच मानेशी. दहा-बारा टापांत तिचा कान मागं वळला, श्वास लांबला आणि चाल खाली आली. मी काहीच केलं नव्हतं, फक्त ओढायचं थांबवलं होतं. लगामेचे पदर असे एकावर एक धरण्याला तिथं ब्रिज म्हणतात. तो डोळे मिटून करता आला पाहिजे.

याची तयारी घरी होते. बाजेवर कडब्याच्या पेंढ्या रचून घट्ट बांध, त्यावर खोगीर टाक, तंग आवळ, रिकिबी आखूड कर. गुडघे वाकलेले, बूड खोगिराच्या वर, पाठ सपाट, रिकिबीत पाय चवड्यापुरताच. पाय आत शिरला आणि पडलास, तर फरफटत जाशील. समोर खुंटीला सायकलची जुनी ट्यूब बांधून तिचे पदर लगामेसारखे धर. आधी एक मिनिटसुद्धा टिकणार नाहीस, मांड्या थरथरतात. रोज वाढवत पाच मिनिटांवर ने. पेंढ्या हलू न देता पाच मिनिटं राहिलास तर तुझा तोल लगामेवर नाही, पायांवर आला. घोडीवर बसतानाही आता खोगीर घाल आणि दुडकीत उठबस शिक. बिनखोगीर बसून धाडस येतं, पण रेसच्या खोगिराला लागतो तो तोल त्याने येत नाही.

दुसरं म्हणजे डोक्यातलं घड्याळ. ट्रेनर सांगतो, "सहाशे पंचेचाळीसमध्ये." म्हणजे 600 मीटर 45 सेकंदांत, दर 200 मीटरला 15 सेकंद. 40 मध्ये आणलंस तर घोड्याचं त्या आठवड्याचं गणित बिघडतं आणि तुझ्यावरचा भरवसाही जातो. याचा सराव आपल्या रस्त्यांवर करता येतो. राज्यमार्गाच्या कडेला किलोमीटरच्या दोन दगडांमधे दर दोनशे मीटरला छोटे दगड असतात. मित्राला गाडी चालवायला लाव, तू मागं बस. ताशी 48 किलोमीटरला बरोबर 15 सेकंदांत एक दगड जातो. मनात मोज, मग घड्याळ बघ. नंतर वेग न सांगता चालवायला लाव आणि तू वेळ सांग. मी हे फार उशिरा शिकलो.

आता कुठं जायचं. मराठवाड्यात रेसकोर्स नाही. पुणे, मुंबईचं महालक्ष्मी आणि हैदराबादचं मलकपेट, हे आपल्याला जवळचे तीन. मलकपेट आपल्या माणसांना परकं वाटू नये. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि नांदेडहून काचीगुड्याला रेल्वे जाते, तिथून मलकपेट जवळच. पुण्याच्या शर्यती पावसाळ्यात, जुलैपासून. मग घोडे मुंबईला जातात, तिथला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. घोडे जागा बदलतात तेव्हा काही माणसं मागं राहतात आणि तबेल्यांत हात कमी पडतात. मे-जूनमध्ये पुण्यात विचारत जा. पहाटे जाऊ नकोस, तेव्हा कुणालाही बोलायला सवड नसते. दहाच्या सुमारास, काम आवरल्यावर जा. गेटवर ओळखपत्र मागतात, आत ओळखीचा कुणी असेल तर बरं. तू कुठल्या ट्रेनरकडे, कुठल्या कामाला आलायस ते सरळ सांग.

आणि घोड्यावरच बसव, असा हट्ट धरू नकोस. सईसाचं, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचं काम मिळालं तर ते घे. मी सात महिने सईस होतो, आणि त्या सात महिन्यांनीच मला पुढची वर्षं निभावून नेलं. पहाटे तोबऱ्यात दाणा उरलाय का बघायचं, थर्मामीटर लावायचा, चारी पायांवर हात फिरवून कुठं गरम लागतंय का ते चाचपायचं. घोड्याला उलटी होत नाही. खाल्लेलं बाधलं की पोटशूळ उठतो आणि काही तासांत जिवावर येऊ शकतं. म्हणून उरलेल्या मूठभर दाण्याचीही बातमी वर जाते. व्यायाम झाल्यावर त्याला हाताने फिरवून थंड करायचं, खरारा करायचा. हे करताना कुठला घोडा पाठीवर बसू देताना दचकतो आणि कुठला उजव्या बाजूने कुणी आलं की लाथ झाडतो, ते कळतं. पुढं तू वर बसशील तेव्हा उतरल्यावर ट्रेनर तुला विचारेल, कसा चालला? "चांगला चालला" हे उत्तर नाही. ओढत होता का, शेवटच्या दोनशेत श्वास मोठा झाला का, कुठल्या पायावर वळला, डांबरावर चालताना डोकं खालीवर करत होता का, हे सांगता आलं पाहिजे. त्या मुक्या जनावराचं दुखणं पहिल्यांदा कळतं ते पाठीवर बसलेल्याला.

घोड्यावर बसायला लागल्यावर पहिले काही महिने वयस्कर, शहाणे घोडेच माग. माझ्या पहिल्या तबेल्यात तसं झालं नाही. दुसऱ्याच आठवड्यात मला दोन वर्षांच्या बिथरलेल्या शिंगरावर बसवलं. अंगात जॅकेट नव्हतं, आणि "भीती वाटते का?" असं विचारल्यावर मी नाही म्हणालो. ते शिंगरू कुंपणाशी दचकून बाजूला झालं, मी वाळूवर खांद्यावर पडलो आणि गळपट्टीचं हाड मोडलं. दवाखान्याचा खर्च वडिलांनी ज्वारी विकून भरला. म्हणून सांगतो: हेल्मेट आणि छातीचं जॅकेट स्वतःचं घे, मापाचं. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की वरून कितीही बरं दिसलं तरी बदल. कामावर घेतानाच विचार की अपघाताचा विमा आहे का, पडलो तर दवाखान्याचा खर्च कोण करणार. हे विचारलं म्हणून ज्याला राग येतो, तिथं राहू नकोस. आणि झेपणार नाही असा घोडा दिला तर "हा मला आज झेपणार नाही" असं म्हण. तेवढं म्हणता न आल्याने मी तीन महिने घरी बसलो.

पैशाची मोठी अपेक्षा ठेवून निघू नकोस. सुरुवातीला पगार सईसाचाच असतो, राहायची सोय बहुतेक तबेल्यांत होते. एका सकाळी पाच-सहा घोड्यांवर बसायला लागलास की हातात थोडे जास्त येतात. गावाकडून फोन येतील, "कुठला घोडा लागणार?" सांगायचं नाही, आणि स्वतः कधी पैसे लावायचे नाहीत. जॉकीला तर बेटिंगची नियमानेच मनाई आहे.

आता मे महिन्यापर्यंत तुझ्याकडं वेळ आहे. बाज, कडबा, ट्यूब आजच बांध. आणि घोडीच्या तोंडातली लगाम काढून बघ. काटे असले तर साधी कडी आणून घाल. तिच्यावर हात हलका ठेवून ती तुझ्या बोलण्याने थांबायला लागली की मला इथंच कळव. पुण्यात कुणाला भेटायचं ते मी तुला वेगळं सांगतो.