कोल्ट्सचा इतिहास वाचायला घेतलायस तर आधी बाल्टिमोरपासून सुरू कर

मित्रा, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नवीन बघायला लागलास की सगळे कोल्ट्सच्या नंतरच्या स्टार पेटन मॅनिंगपासून सुरुवात करतात, तू तसं नको करूस. कोल्ट्स मुळात बाल्टिमोरचे, जॉनी युनायटस त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा खेळाडू), आणि 1958 ची फायनल त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये 23-17 अशी जिंकली, ती मॅच आधी वाच, मग पुढचं दुःख कळेल.

स्टेडियमवरून मालक रॉबर्ट इर्से आणि शहराचं वर्षानुवर्षं वाजत होतं, त्यात मेरीलँडच्या विधिमंडळात बाल्टिमोर शहराला टीम ताब्यात घेता यावी असा कायदा यायला लागला, आणि तो पास व्हायच्या आत 28 मार्च 1984 च्या रात्री मेफ्लॉवर या सामान हलवणाऱ्या कंपनीचे ट्रक आले, सगळं सामान भरलं आणि टीम इंडियानापोलिसला गेली पण! मला आजही ते चुकीचंच वाटतं. टीम गेली तरी बाल्टिमोरचा मार्चिंग बँड मात्र वाजवत राहिला, पुढे तोच बाल्टिमोरच्या नव्या टीमचा, रेव्हन्सचा बँड झाला, हे नक्की वाच.

रेकॉर्ड बघताना एक लक्षात ठेव, युनायटसचे आकडे आज इंडियानापोलिसच्या खात्यात दिसतात कारण नाव आणि इतिहास टीमसोबत गेला. क्लीव्हलँडचं उलटं झालं, तिथल्या ब्राऊन्स टीमचा मालक आर्ट मॉडेलने 1996 ला टीम बाल्टिमोरला नेली, तीच रेव्हन्स झाली, पण ब्राऊन्स हे नाव, रंग, रेकॉर्ड सगळं शहराकडेच राहिलं आणि 1999 ला ब्राऊन्स परत उभे राहिले. म्हणून रेव्हन्सचा इतिहास 1996 पासूनच मोजायचा.