मांगरात पडून राहिलेला ट्रॅक्टर: वाचकांचे प्रश्न

बागायतीतील जुन्या यंत्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेला उपाय कोणी करून पाहिला, तर दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

प्रश्न: माझ्या वडिलांनी कुळागरासाठी (सुपारी-नारळाच्या बागेसाठी) घेतलेला तीन सिलिंडरचा लहान डिझेल ट्रॅक्टर गेले सात पावसाळे मांगरात उभा आहे. पत्र्याचे छप्पर दोन ठिकाणी गळते. आता इंजिन हँडलने जराही फिरत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून जीपने ओढला की तो सुटेल, असे शेजारी सांगतात. वडिलांची आठवण म्हणून तो पुन्हा चालू व्हावा, अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी? (एक बागायतदार, सत्तरी, गोवा)

उत्तर: सर्वप्रथम एक कळकळीची विनंती करतो की, ट्रॅक्टर ओढू नये. या जातीच्या बहुतेक ट्रॅक्टरांचा सायलेन्सर उभा असतो आणि त्याच्या तोंडावर डबा पालथा घातलेला नसेल, तर पावसाचे पाणी सरळ खाली उतरते व ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिला असेल त्यात जाऊन साचते. पाणी दाबले जात नाही. जीपच्या जोराने पिस्टन वर आला, की वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पाणी नसले तरी पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचे आतील अस्तर) यांच्यामध्ये गंज धरलेला असतो आणि जोर लावल्यास रिंगा तुटून त्यांचे तुकडे लायनरवर ओरखडे काढतात. चार दिवसांच्या धीराने जे काम होते, त्यासाठी संपूर्ण इंजिन पणाला लावण्याचे काही कारण नाही.

सुरुवात इंजिनाच्या तळापासून करावी. खालचा ऑइलचा बोल्ट अगदी सावकाश सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे आत पाणी शिरले असेल तर आधी पाणीच टपकेल, आणि किती पाणी निघाले यावरून आतील स्थितीचा बराच अंदाज येतो. त्यानंतर तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढावीत. ती गंजाने धरून बसलेली असतात, म्हणून आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि खालचे तांब्याचे वॉशर हरवू देऊ नयेत. नोझलच्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धे डिझेल व अर्धे इंजिन ऑइल यांचे मिश्रण दोन-तीन चमचे ओतावे आणि छिद्रे स्वच्छ कापडाने झाकून ठेवावीत. रोज थोडे मिश्रण वाढवत किमान चार दिवस, शक्य तर आठवडाभर वाट पाहावी.

या काळात वरचे झाकण काढून व्हॉल्व्ह तपासावेत. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्याला तेल देऊन लाकडाच्या ठोकळ्याने वरून हलकेच ठोकले असता तो खाली जाऊन स्प्रिंगच्या जोराने परत वर आला पाहिजे. अडकलेल्या व्हॉल्व्हसह इंजिन फिरवले तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकतो, आणि ही तपासणी अनेक अनुभवी फिटरसुद्धा घाईत विसरतात.

मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावावा आणि एका दिशेला जोर न लावता पुढे-मागे, पुढे-मागे असे झोके द्यावेत. इंजिन आधी केसभर हलते, नंतर बोटभर आणि शेवटी पूर्ण फिरते. पूर्ण फिरताना नोझलच्या छिद्रांवर तोंड नेऊ नये, कारण आतले मिश्रण जोराने उडते. पंधरा दिवसांनीही हालचाल झाली नाही, तर मात्र हेड उघडणे आले. लायनरवर गंजाचे नुसते वलय असेल, तर लेथवाल्याकडून हलके होनिंग (आतून बारीक घासणे) करून नव्या रिंगांवर काम भागते. नखाला लागतील असे खड्डे असतील, तर लायनर बदलण्यातच शहाणपण आहे.

इंजिन फिरू लागले म्हणजे लगेच सुरू करावे, असे नाही. टाकीतील जुने डिझेल पूर्ण काढावे. आपल्याकडील दमट हवेत टाकीत पाणी साचते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काळपट बुळबुळीत थर वाढतो. तो फिल्टर बंद करतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आणि इतर उघड्या नळ्याही तारेने तपासाव्यात, कारण कुंभारीण माशी अशा जागी मातीचे घर करते आणि मग इंजिन पाच मिनिटे चालून बंद पडते. एअर क्लीनरमध्ये उंदराचे घरटे नाही ना, हेही पाहावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डिझेल पंपाची. वर्षानुवर्षे न हललेल्या पंपातील रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी सरकती पट्टी) गंजाने किंवा डिझेलच्या चिकट थराने पूर्ण डिझेलच्या स्थितीत अडकलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन सुरू होताच वेग वाढतच जातो आणि बंद करण्याची तार ओढूनही ते थांबत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंपाच्या बाजूचे झाकण उघडून रॅक हाताने सहज सरकतो की नाही ते पाहावे, आणि पहिल्यांदा सुरू करताना एका माणसाने हवेच्या नळीपाशी तिचे तोंड पूर्ण झाकेल अशी सपाट फळी घेऊन उभे राहावे. इंजिन आवरेना, तर हवा तोडण्यासाठी ती तोंडावर दाबावी. हात लावू नये, फळीच लावावी. डिझेलच्या नळ्यांतील एअर (अडकलेली हवा) काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा आणि शेवटी नोझलकडील नळ्यांचे नट असा क्रम ठेवावा. नोझलची फवारणी पाहण्यासाठी तिच्यासमोर बोट धरणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण शंभराहून अधिक बार दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि वरून जखम लहान दिसली तरी शस्त्रक्रियेची वेळ येते.

सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही, तर त्वरित बंद करावे. सर्व ठीक असल्यास पहिले ऑइल दोन-तीन तासांच्या कामानंतर टाकून द्यावे, कारण सुटलेला सर्व गंज त्यातच असतो.

प्रश्न: आमचा जुना पॉवर टिलर खाजन शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात) कोरगुटाच्या (खारे पाणी सोसणाऱ्या भाताच्या) चिखलणीसाठी वापरतो. दर वर्षी एक्सलची ऑइल सील जातात आणि गिअर ऑइल दुधासारखे होते. कंपनीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. टिलर भंगारात द्यावा का? (एक शेतकरी, बार्देश)

उत्तर: देऊ नये. कंपनीचे नाव बाजारातून गेले, तरी बेअरिंग आणि सील ही बहुधा सर्वत्र चालणाऱ्या मापांची असतात. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचावा. 6205 असेल तर शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणून आतील भोक 25 मिलिमीटर, 6206 असेल तर 30 मिलिमीटर. सीलवर 35-52-10 असे आकडे असतात आणि ते अनुक्रमे आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी सांगतात. अंक पुसले गेले असतील तर व्हर्नियरने माप घ्यावे. बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात क्रमांक सांगितला, की यंत्राचे नाव कोणी विचारत नाही.

मात्र दर वर्षी सील जाते, याचा अर्थ दोष केवळ सीलमध्ये नाही. जुन्या सीलच्या ओठाने एक्सलवर चर पाडलेला असतो आणि नवे सील त्याच चरावर बसवले, तर ते पहिल्या आठवड्यातच गळते. जागा असल्यास सील दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवावे. जागा नसल्यास लेथवर एक्सलवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवून घ्यावा. एक्सल हाताने वर-खाली हलत असेल, तर आधी बेअरिंग बदलावे, अन्यथा कोणतेही सील टिकणार नाही.

खाजनातील चिखल खारा असतो, हे आपण जाणताच. मानशीतून (बांधाच्या पाणी सोडण्याच्या दारातून) आत आलेले भरतीचे पाणी ओसरते, परंतु मीठ लोखंडाच्या सांध्यांत राहते आणि ते हवेतील ओल ओढून घेत राहते, म्हणून कोरडा दिसणारा टिलरही आतून गंजतच असतो. त्यासाठी काम संपल्यावर त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे. पाण्याचा जोराचा झोत थेट सीलवर मारू नये. हंगाम संपताच दुधाळ ऑइल काढावे, गिअर बॉक्स डिझेलने धुऊन पूर्ण निथळू द्यावा आणि नवे ऑइल भरून टिलर थोडा चालवावा, म्हणजे दातांवर तेलाचा थर बसतो. पुढच्या चिखलणीपर्यंत पाणी आत राहिले, तर जाणारी वस्तू सील नव्हे, गिअर असेल.

प्रश्न: दुरुस्त केलेला जुना ट्रॅक्टर दसऱ्याच्या पूजेपूर्वी रंगवून घ्यावा, असे मनात आहे. रंग टिकण्यासाठी काय करावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: आपली भावना समजते, तरीही रंगकाम डिसेंबरवर न्यावे, असेच सुचवीन. गोव्यात पावसाळ्यात सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि दसऱ्यापर्यंत हवेतील ओल पुरती हटलेली नसते. सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी अधिक नसताना लावलेला रंग खाली ओल कोंडून ठेवतो आणि वर्षभरात फुगे धरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर काम सुरू करून दुपारी तीनपर्यंत आटोपावे.

रंगापूर्वी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, मगच घासावे. उलट क्रम केल्यास मीठ पत्र्यात रगडले जाते. गंजलेले नट-बोल्ट माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये दिवसभर बुडवून ठेवले असता गंज ब्रशने निघतो. नंतर ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवावेत व तेल लावावे. स्प्रिंगा व कडक पोलादाचे भाग आम्लात टाकू नयेत, कारण ते ठिसूळ होतात. ॲल्युमिनियमचे भाग सोड्याच्या पाण्यापासून दूर ठेवावेत. उघडा झालेला पत्रा रात्रभर तसाच न ठेवता त्याच दिवशी प्रायमर द्यावा. कंपनीचा क्रमांक कोरलेली पट्टी रंगाखाली झाकू नये. ती काढून जपावी आणि शेवटी पुन्हा बसवावी, कारण सुटे भाग शोधताना तिचाच आधार असतो.

या दसऱ्याला ट्रॅक्टर स्वच्छ धुऊन, उघड्या लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवून पूजेला उभा करावा. फुलांचे हार मात्र त्याच दिवशी संध्याकाळी उतरवावेत, कारण ओल्या झेंडूखालचा पत्रा दोन दिवसांत डाग धरतो.