दुर्मीळ, दुर्लभ, अलभ्य आणि अनवट

बडोद्यातून, दांडिया बाजारातून, एका तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. त्याच्याकडे जाझ-फंक, म्हणजे ठेक्यावर जोर देणारं जाझ, आणि फ्यूजन, म्हणजे दोन संगीतपरंपरांची सरमिसळ, यांच्या जुन्या रेकॉर्ड आहेत. एका रविवारी मित्रमंडळींना बोलावून तो त्या ऐकवणार आहे आणि प्रत्येक रेकॉर्डशेजारी मराठीत लिहिलेलं एकेक कार्ड ठेवणार आहे. पहिल्या कार्डावर त्याने लिहिलं ‘अलभ्य रेकॉर्ड’. काका म्हणाले, ‘अलभ्य कसली? समोर तर ठेवली आहेस!’ आईने ‘दुर्लभ’ सुचवलं. पुण्याच्या मावसबहिणीने ‘दुर्मिळ’ असं लिहून पाठवलं, तर त्यातला ‘मि’ पहिला की दुसरा यावरून घरात नवा वाद. शिवाय दोन उपप्रश्न आहेत: फ्यूजनला मराठीत काय म्हणायचं, आणि रेकॉर्डला तबकडी म्हणावं की ध्वनिमुद्रिका?

काकांचं बरोबर आहे. मराठीत अलभ्य म्हणजे जे मिळूच शकत नाही ते. गुजरातीत मात्र जुन्या पुस्तकांना, फोटोंना सर्रास ‘अलभ्य’ म्हणतात आणि तिथे त्याचा अर्थ ‘सहसा न मिळणारं’ एवढाच असतो. आपण दिवसभर दुकानात, बँकेत, शेजारीपाजारी गुजराती बोलतो, तेव्हा तो अर्थ न कळत घरच्या मराठीत येऊन बसतो. मराठीतल्या अलभ्यचा खरा मुक्काम एकाच ठिकाणी आहे. वर्षभर न फिरकलेले मामा दारात उभे राहिले की आपण म्हणतो, ‘या या, अलभ्य लाभ!’ त्यातली गंमतच अशी की न मिळणारी गोष्ट मिळाली. ‘लाभ’ची सोबत सुटली की हा शब्द मराठीत फारसा एकटा हिंडत नाही.

आता आईचा दुर्लभ. नरदेह दुर्लभ आहे असं कीर्तनकार सांगतात. संख्येने पाहिलं तर नरदेह अब्जावधी आहेत, रेल्वे स्टेशनावर धक्के खाण्याइतके. तरी तो दुर्लभच, कारण इथे मोजदाद वस्तूंची चाललेली नाही, ती मिळायला लागणाऱ्या पुण्याईची चालली आहे. ‘हल्ली तुमचं दर्शन दुर्लभ झालंय’ हेही तसंच. दुर्लभ हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो: त्याला किती खटपट पडली, नशीब किती लागलं.

दुर्मीळ वस्तूच्या बाजूने बोलतो. जगात तिचे नग किती उरले? म्हणून नाणी दुर्मीळ, तिकिटं दुर्मीळ, आपल्या प्राच्यविद्या मंदिरातली हस्तलिखितं दुर्मीळ. फाशीच्या खटल्यांच्या बातम्यांत येणारं ‘दुर्मिळांतलं दुर्मीळ प्रकरण’ घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या बच्चनसिंग खटल्यात घालून दिलेल्या कसोटीचं हे मराठी रूप, आणि तिथेही हिशोब संख्येचाच आहे: अशी प्रकरणं किती थोडी घडतात. राहिला विरळ, त्याचा विचारही करू नका. विरळ केस असतात, विरळ वस्ती असते. ‘विरळा’ झाला की तो माणसाच्या गुणांना लागतो, ‘असा दाता विरळाच’. तबकडीला दोन्ही शोभत नाहीत.

हा फरक किती कामाचा आहे ते तुमच्याच संग्रहावर लावून पाहू. अमेरिकी जाझ पियानोवादक हर्बी हँकॉकची ‘हेड हंटर्स’ 1973 साली निघाली आणि जगभर लाखोंनी खपली. ती दुर्मीळ कधीच नव्हती. पण त्या काळात परदेशी मालाच्या आयातीवर इतके निर्बंध होते की रावपुऱ्यात ती कुठून मिळणार? अमेरिकेतून कुणी मामा-काका सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या बॅगेत जागा उरली तर. म्हणजे ती बडोद्यात दुर्लभ होती. उलट गायिका रूपा बिश्वास यांची 1982 ची ‘डिस्को जाझ’. गाणी बंगाली, ध्वनिमुद्रण कॅनडातल्या कॅल्गरीत, सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर प्राणेश खाँ; मैहरच्या बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांचे हे दोघे नातू. कोलकात्याच्या मेगाफोन कंपनीने ती काढली, कुणी फारशी विचारली नाही, आणि मूळ प्रती इकडेतिकडे गडप झाल्या. पुढे इंटरनेटवर ‘आज शनिबार’ हे गाणं लोकांच्या कानी पडलं आणि मूळ प्रतीच्या किमती भडकल्या. 2019 मध्ये न्यूमेरो ग्रुप या अमेरिकी कंपनीने ती नव्याने काढली. आज ते गाणं फोनवर फुकट ऐकता येतं. पण 1982 ची प्रत आजही तितकीच दुर्मीळ, कारण नवीन आवृत्ती कितीही छापली तरी जुनीचे नग वाढत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा, की दुर्मीळ हे विशेषण प्रतीला लावावं, संगीताला लावू नये. ‘दुर्मीळ संगीत’ असं लिहिणाऱ्यांना बहुतेक वेळा ‘दुर्मीळ ध्वनिमुद्रण’ म्हणायचं असतं. आपल्या गावचं उदाहरण घ्या. बडोद्याची गायनशाळा सुरू करणाऱ्या मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ, 1882 साली बडोद्यात जन्मलेले. त्यांनी 1909 मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्या आज कुणाच्या माळ्यावर सापडल्या तर त्या दुर्मीळच. पण त्याच गाण्याची सीडी 1994 मध्येच निघाली आहे. राग तर काय, तेव्हाही होते, आजही आहेत.

प्रत दुर्मीळ म्हणायची तर ती कुठली प्रत हे आधी पाहावं लागतं. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. शेवटचं गाणं संपल्यावर मधल्या लेबलापर्यंत जो कोरा चकचकीत पट्टा राहतो, त्यावर सुईने ओरखडल्यासारखी अक्षरं आणि आकडे दिसतील. हा मॅट्रिक्स क्रमांक. कव्हर बदलता येतं, लेबलाचीही नक्कल होते, हा क्रमांक मात्र साच्यातून आलेला असतो. कार्डावर ‘मूळ आवृत्ती’ लिहिण्याआधी तो ताडून घ्या. आणि कव्हरची अवस्थाही लिहा. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं त्यांना विचारा: रेकॉर्ड धुऊन पुसून पुन्हा वाजते, कव्हरचा लगदा होतो. धड कव्हर त्यामुळे तबकडीहून दुर्मीळ.

ऱ्हस्व-दीर्घाचं थोडक्यात. दुर्लभ पूर्ण संस्कृत आहे. दुर्मीळमध्ये ‘दुर्’ संस्कृत आणि ‘मिळणे’ आपलं मराठी. म्हणजे हा शब्दच मुळात फ्यूजन आहे म्हणा ना. तो तत्सम नसल्यामुळे अकारान्त मराठी शब्दाचा नियम त्याला लागतो, गरीब, वीट, खीर यांच्यासारखा: दुर्मीळ, मी दुसरी. प्रत्यय लागला की गरीबचं ‘गरिबाला’ होतं, तसं ‘दुर्मिळांना’, ‘दुर्मिळांतली’. बहिणीने लिहिलेला दुर्मिळ वर्तमानपत्रांत रोज दिसतो, वाचताना कुणाचं अडत नाही. कार्डावर मात्र दुर्मीळ लिहा. बोलावलेल्यांत एखादे निवृत्त मास्तर असणारच.

आता खरी मजा. प्रत दुर्मीळ, ते कळलं. पण वाजवणंच वेगळं आहे, कुणी सहसा वाजवत नाही असं, त्याला काय म्हणायचं? त्याला मराठी गाणं ऐकणाऱ्यांकडे तयार शब्द आहे: अनवट. अनवट राग म्हणजे मैफलीत क्वचित कानी पडणारा राग. तो शिकायला मिळतो, पुस्तकात त्याची बंदिश असते, प्रत वगैरेचा प्रश्नच नसतो. फक्त त्या अंगाने फारसं कुणी जात नाही. (पायाच्या अंगठ्यात घालायच्या दागिन्यालाही अनवट म्हणतात, पण तो शब्द आता दागिन्यासारखाच पेटीत गेला.) काही जण ‘अछोप’ही म्हणतात. तो अधिक घराणेदार आहे, कार्डावर जड होईल.

अनवट आणि दुर्मीळ ही दोन मापं हाताशी असली की शंकर-जयकिशन यांची 1968 ची ‘रागा जाझ स्टाइल’ नीट सांगता येते. सतारीवर रईस खाँ, बाजूला सॅक्सोफोन, ट्रम्पेट, गिटार, ड्रम. राग कुठले? तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, जयजयवंती, भैरवी. यातला एकही अनवट नाही. गायनशाळेतल्या पोरांना यांतले बरेचसे तोंडपाठ. अनवट आहे ती वादनाची धाटणी: चित्रपटाच्या स्टुडिओत घडलेली वादक मंडळी चित्रपटाबाहेर येऊन रागाच्या चौकटीत जाझ वाजवतात. राग प्रचलित, वादन अनवट, पहिली आवृत्ती दुर्मीळ. एका रेकॉर्डला तीन विशेषणं आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींना.

लंडनमध्ये 1980 च्या दशकात नॉर्मन जे या डीजेने अशा विस्मृतीत गेलेल्या फंक-सोल रेकॉर्ड वाजवायला सुरुवात केली आणि त्या प्रकाराला ‘रेअर ग्रूव’ हे नाव पडलं. सतारवादक आनंद शंकर यांच्या 1975 च्या ‘आनंद शंकर अँड हिज म्युझिक’मधल्या ‘स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता’ आणि ‘डान्सिंग ड्रम्स’ या दोन रचना याच वाटेने परतल्या. ब्लू नोट या जाझ रेकॉर्ड कंपनीने 1996 साली काढलेल्या ‘ब्लू ज्यूस’ या संकलनात त्या आल्या आणि इकडे जी रेकॉर्ड रद्दीच्या भावात पडली होती तिला गिऱ्हाईक लागलं. ‘रेअर ग्रूव’चं ‘दुर्मीळ ठेका’ कराल तर फसाल, कारण ठेक्याचे नग मोजता येत नाहीत. ‘अनवट ठेका’ म्हणा, चपखल बसतं. आणि फंकच्या ठेक्याबद्दल एक सांगतो. अमेरिकी गायक जेम्स ब्राउनपासून या संगीताचा सगळा भार पहिल्या मात्रेवर आहे. मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेच्या परंपरेत ज्यांनी हाताने ताल धरला आहे, त्यांना फंक समजावून सांगावं लागत नाही. बेस गिटार समेवर, म्हणजे त्या पहिल्या मात्रेवर, येते आणि यांची मान आपोआप खाली जाते.

फ्यूजनला मराठी शब्द शोधू नका. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 मध्ये शासनशब्दकल्पतरू निघाला, कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द देणारा. त्या गावच्या माणसाला प्रत्येक परक्या शब्दाला आपला शब्द असावा असं वाटणं साहजिक आहे. पण संगीतप्रकाराचं नाव हे विशेषनाम असतं. ठुमरीचं कुणी भाषांतर करत नाही. ‘संमीलन’ पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ठीक, ‘संकर’ गाईगुरांच्या आणि कपाशीच्या नावाला चिकटलेला.

मात्र वर्णन करताना आपल्या रागसंगीतातले दोन शब्द वापरता येतील, ते सुंदर आहेत. एक जोड, दुसरा मिश्र. जोडरागात दोन्ही राग आपापली ओळख राखून असतात, बसंतबहारसारखे. मिश्र पिलूत पिलू घरधनी असतो, बाकीचे पाहुणे. जमैकाचा ऑल्टो सॅक्सोफोनवाला जो हॅरियट आणि कोलकात्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार जॉन मेयर यांनी 1966 मध्ये ‘इंडो-जाझ सुइट’ केली आणि 1967 मध्ये ‘इंडो-जाझ फ्यूजन्स’. फ्यूजन हा शब्द रेकॉर्डच्या नावातच आला, तोही या संगीतप्रकाराला ते नाव रूढ होण्याआधी. त्यांच्या ताफ्याचं नावच ‘डबल क्विंटेट’, म्हणजे जाझवाल्यांचं एक पंचक आणि भारतीय वाद्यांचं एक. हे जोड. जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1972 च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये बादल रॉय यांचा तबला आहे, सतार आहे, पण घर फंकचं आहे. हे मिश्र. जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन, विनायकराम यांचा ‘शक्ती’ हा ताफा यांतल्या कुठल्या रकान्यात टाकायचा यावर तुमच्या रविवारी भांडण होऊ द्या. मी जोडच्या बाजूने आहे. एक खबरदारी: तालाबद्दल लिहिताना ‘मिश्र’ टाळा, तिथे मिश्र जाती म्हणजे सात मात्रांचा हिशोब, आणि वाचणारा तो मोजत बसेल.

शेवटचा प्रश्न. ध्वनिमुद्रिका हा आकाशवाणीचा शब्द, छापून यायला चांगला, तोंडात कुणाच्या येत नाही. तबकडी छान आहे, आकार डोळ्यांपुढे आणते, पण नव्या पिढीला आधी उडती तबकडी आठवते. घरात तुम्ही रेकॉर्ड म्हणता, तर कार्डावरही रेकॉर्ड लिहायला हरकत नाही, फक्त लिंग सांभाळा. वाजते ती रेकॉर्ड. खेळात मोडतो तो रेकॉर्ड. कचेरीत धूळ खातं ते रेकॉर्ड. तेव्हा कार्ड असं करा: ‘रागा जाझ स्टाइल, 1968. मूळ आवृत्तीची दुर्मीळ रेकॉर्ड, कव्हर एका कोपऱ्यात फाटलेलं. प्रचलित राग, अनवट वादन. कृपया हात लावू नये.’ शेवटच्या वाक्याबद्दल काकांचाही काही आक्षेप नसेल.